एकोणपन्नास गुणांचे उपाध्यक्ष

कुणाचं नाव कुठल्याही पदाला जोडून कानावर आलं की आमच्या बिल्डिंगमधले काका उजव्या हाताची दोन बोटं वर करत आणि विचारत, "बरं, नंबर दोन कोन?" कोपऱ्यावरचा चहावाला ती बोटं लांबून बघून दोन कटिंग पाठवून देई. ते दोन्ही चहा स्वतःच पीत, पण प्रश्न सोडत नसत.

सेक्टरमध्ये नवा दवाखाना उघडला तेव्हा उद्घाटनाचा पेढा तोंडात असतानाच त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "तुमी सोता आजारी पडलात तर कोन?" आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी आसनावर टेकले नाहीत तोच हे म्हणाले, "गुरुजी, समजा तुमी आज आलाच नसता तर?" गुरुजींना राग आला. पण जाताना त्यांनी आपल्या चुलतभावाचा नंबर माझ्या बायकोला लिहून दिला. पुढच्या वर्षी तोच कामी आला.

तुमच्याही वस्तीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याला हसतो, आणि तो म्हणतो ते बरोबर असतं.

ऐरोलीत आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर. गावची शेतजमीन नवी मुंबईसाठी गेली, बदल्यात तेवढा प्लॉट परत मिळाला, बिल्डरने चोवीस फ्लॅट बांधले, त्यातले काही यांच्या वाट्याला आले. एकात ते आणि काकू राहत, बाकीचे आयटी पार्कमधल्या मुलामुलींना भाड्याने दिलेले. गाव पालिकेत जाण्याआधी ते गावचे उपसरपंच होते. नंतर गणेशोत्सव मंडळाचे उपाध्यक्ष, भजन मंडळाचे उपप्रमुख, आणि आमच्या सेक्टरच्या रहिवासी संघाचेही एकदा उपाध्यक्ष. आयुष्यात त्यांना जे पद मिळालं त्याच्या आधी 'उप' होतंच.

याचं त्यांना दुःख नव्हतं. दुःख वेगळं होतं.

"सरपंच वरच्या पाखाडीचा," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं; पाखाडी म्हणजे गावातली आळी. "त्याला खालच्या पाखाडीची मतं पायजे होती. म्हनून मना घेतला. मना नाय निवडला, पाखाडीला निवडला. मंडलात तसाच. आन तुमच्या संघात मना घेतला तो गाववाला म्हनून. यादीत माज्या नावापुढं काय लिवलेला? 'स्थानिक'. मी मानूस नाय साहेब, मी कोटा हाय."

म्हणून एकदा तरी कोणीतरी आपल्याला पाखाडी, गाव, कोटा बाजूला ठेवून, नुसतं आपल्यासाठी जोडीला घ्यावं, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात होती. ही गोष्ट काकूंना माहीत होती, चहावाल्याला माहीत होती, माझ्या बायकोला माहीत होती. मी रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. दोन पांढऱ्या रंगांतला फरक मला दुरून ओळखता येतो. ही गोष्ट मात्र मला समोर बसून कळली नाही.

अमेरिकेचा नाद त्यांना भाडेकरूंनी लावला. ही मुलं अमेरिकेतल्या कंपन्यांची कामं करत, त्यामुळे तिकडे निवडणूक आली की इकडे जिन्यात चर्चा व्हायची. करार अकरा महिन्यांचा, भाडेकरू बदलायचे, पण काकांचा अभ्यासक्रम चालू राहायचा. प्रत्येक नव्या भाडेकरूला किल्ली देताना ते मागच्याने कुठपर्यंत शिकवलंय ते सांगत आणि पुढचं विचारत.

"तिकडं पयल्यांदा काय होता म्हायतंय का?" ते मला सांगत. "ज्याला जास्ती मतं तो अध्यक्ष, आन जो हरला तोच उपाध्यक्ष. म्हनजे ज्याच्याशी भांडलात तोच तुमच्या शेजारच्या खुर्चीत. मग शहानपन आला, कायदा बदलला. मग बरीच वर्षं पक्षातली म्हातारी मंडली दार लावून ठरवायची. आता जो उभा ऱ्हातो तोच आपला जोडीदार निवडतो, आन अधिवेशन फक्त टाल्या वाजवतं."

"आणि निवडतात कशावरून?" मी विचारलं होतं.

"तोल! ह्यो उत्तरेचा तर त्यो दक्षिनेचा. ह्यो म्हातारा तर त्यो तरना. ह्यो शहरातला, त्यो शेतातला. एकाच राज्याचे दोगं घेतले तर त्या राज्याच्या मतांचा घोटाला होतो, असा कायदाच हाय." मग म्हणाले, "म्हनजे तिकडं पन पाखाडीच."

"मग उपाध्यक्षाला काम काय?" एका भाडेकरू मुलीने विचारलं होतं.

"वाट बघायचा," काका म्हणाले. "पन नीट बघायचा."

आमच्या रहिवासी संघाच्या घटनेत एक चमत्कारिक कलम आहे: अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांनी जोडीनेच अर्ज भरायचा आणि मतदाराने जोडीलाच मत द्यायचं. हे कलम काकांनी घालायला लावलेलं. संघ स्थापन झाला तेव्हा बँकेतून निवृत्त झालेली मंडळी हसली होती म्हणे. पण कार्यालयासाठी तळमजल्याचा गाळा काकांचा होता, म्हणून कलम राहिलं.

आता माझ्या उमेदवारीकडे येतो. ती आठवली की आजही मान खाली जाते.

आमच्या सेक्टरमध्ये अकरा सोसायट्या आणि चारशे बारा फ्लॅट, दर फ्लॅटला एक मत. पाणी किती वाजता येतं, किती वाजता जातं आणि त्याला जोर किती असतो, याची मी तीन वर्षं रोज नोंद ठेवली होती. मला वाटलं, इतकी चोख नोंद ठेवणाऱ्या माणसाला लोक डोळे मिटून निवडून देतील. लोकांना नोंद नको होती, पाणी हवं होतं. हा फरक माझ्या लक्षात आला नाही आणि मी अध्यक्षपदासाठी उभं राहायचं ठरवलं. तेच वर्ष अमेरिकेतल्या निवडणुकीचं होतं. काकांना तर पर्वणीच.

मी त्यांना बातमी सांगितली तेव्हा ते गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दोन बोटं वर गेली.

"ते ठरवायचंय," मी म्हटलं. "पण शास्त्रशुद्ध पद्धतीने ठरवणार. तुमच्या अमेरिकेसारखं."

"ठरवा ठरवा," ते म्हणाले. "घाई नको."

दुसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर बसायला लागले.

बायको म्हणाली, "अहो, काका रोज इस्त्रीचा शर्ट घालतात हल्ली. तुम्हाला काही कळतंय का?"

"श्रावण आहे," मी म्हटलं. "लोक नीटनेटके असतातच."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला लग्नापासून ओळखीची आहे. पण मी तक्त्यात गुंतलो होतो.

तक्ता शंभर गुणांचा होता. जोडीदार दुसऱ्या सोसायटीचा असेल तर वीस. त्याची सोसायटी किती मोठी यावर वीस. वयातलं अंतर पंधरा. बोलण्याची हातोटी पंधरा, कारण मी बोलायला उभा राहिलो की लोक घड्याळ बघतात. मी शाकाहारी, म्हणून मासे खाणाऱ्याला दहा. हाताशी असलेला वेळ दहा. आणि कुणाशी जुनं भांडण नसल्यास दहा. सात माणसं मी निवडली आणि सातही रकाने प्रामाणिकपणे भरले. काकांनाही मी यादीत घेतलं होतं. का, ते आता सांगता येत नाही. बहुधा सहा हा आकडा मला अपुरा वाटला असावा.

काका दोनदा घरी येऊन गेले. एकदा आवारातल्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा घेऊन, एकदा नुसतेच. दुसऱ्या वेळी त्यांनी पंख्याकडे बघत विचारलं, "त्या कागदात माजा नाव हाय काय?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने चहा मागवला असता. मी तक्ता आणून दाखवला.

"आहे ना! हे बघा. दुसरी सोसायटी शून्य, कारण आपण एकाच बिल्डिंगचे. सोसायटीचा आकार पाच. वय दहा. बोलणं बारा. मासे दहा, वेळ दहा. भांडण नसण्याचे मात्र दोनच देता आले. एकूण एकोणपन्नास. सातांत पाचवे."

स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

काकांनी चष्मा लावला. बोट फिरवत सगळा तक्ता वाचला. "बरोबर हाय," ते म्हणाले. "एकाच बिल्डिंगचे दोगं नकोच. तिकडं तर कायदाच हाय." मग चष्मा काढून पुसला. "भांडनाचे दोन पन जास्तीच दिलेत."

आम्ही दोघं हसलो. ते खरंच हसले की नाही, हे तपासण्याचं साधन माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर ते रोजच्या गंजीफ्रॉकमध्ये होते. श्रावण संपला असं मी मनाशी म्हटलं. संपायला अजून अकरा दिवस होते.

पण मोठेपणा बघा, मला मदत करणं त्यांनी सोडलं नाही. तक्त्यात त्र्याऐंशी गुण मिळवून पहिले आलेले गृहस्थ सर्वात मोठ्या, शहाण्णव फ्लॅटच्या सोसायटीतले. आयटी कंपनीत मॅनेजर, चाळिशीच्या आत, हसतमुख. काका म्हणाले, "नुसता तक्ता नको. तिकडं वकील बसवून जोडीदाराला शेकडो प्रश्न विचारतात. आजार, कागदपत्रं, जुनी भाषनं, सगला."

मी चाळीस प्रश्नांची यादी केली. पार्किंग कुठे करता, कुत्रा आहे का, गच्चीवर काही वाळत घालता का, इथपर्यंत. काकांनी ती वाचली आणि म्हणाले, "शेवटी एक घाला. 'आमी काय विचारायला इसरलो?'"

"हा प्रश्न मोघम आहे," मी म्हटलं. "याला गुण कसे द्यायचे?"

"गुन नका देव. नुसता विचारा."

मी नाही घातला. ज्याला गुण देता येत नाहीत तो प्रश्न माझ्या कागदावर बसत नाही.

मॅनेजरसाहेबांनी चाळीसच्या चाळीस उत्तरं दिली, छत्तीस बरोबर आली. आमचा जोडीने फोटो काढला, फलक गेटवर लागला. फलकात ते इतके छान दिसत होते की दोन सोसायट्यांतल्या लोकांनी मला विचारलं, "तुम्ही यांचे उपाध्यक्ष का?"

रविवारी अर्ज भरायची मुदत संपत होती. शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरसाहेब पेढे घेऊन आले. कंपनी त्यांना तीन वर्षांसाठी टेक्सासला पाठवत होती. निघायला वीस दिवस.

"हे तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"बोलणं जूनपासूनच चालू होतं," ते म्हणाले. "तुम्ही विचारलंच नाही, सर. मला वाटलं, त्या चाळीसमध्ये येईल."

म्हणजे अमेरिकेची पद्धत वापरून मी जोडीदार निवडला आणि अमेरिकेनेच तो उचलून नेला.

बायको पेढा खात होती. म्हणाली, "आता तरी जाणार का खाली?"

"तक्त्यात दुसरे आलेल्यांना एकसष्ट गुण आहेत," मी म्हटलं.

"त्या एकसष्ट गुणांनी तुम्हाला कधी शेवग्याच्या शेंगा दिल्या? काका रोज अकरा सोसायट्या फिरून तुमच्यासाठी बोलतायत. गेल्या आठवड्यात त्या कोपऱ्यावरच्या सोसायटीत कोणीतरी तुम्हाला खडूस म्हणालं, तर त्याच्याशी भांडून आले. तुमच्यापायी! आणि तुम्ही त्यांना भांडणाचे गुण कापता."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या कुठल्याच नोंदीत ते नव्हतं.

शनिवारी सकाळी मी तक्ता पुन्हा काढला. नोकरीत मी कधी एक आकडा बदललेला नाही. हवा तसा निकाल येत नाही म्हणून आकडे हलवणाऱ्या दोन माणसांची मी कारखान्यात लेखी तक्रार केलेली आहे. त्या सकाळी मी 'दुसरी सोसायटी' हा रकाना मुळापासून खोडला, त्याचे वीस गुण उचलले आणि नवीन रकाना केला: 'सेक्टरची माहिती'. त्यात काकांना वीसपैकी वीस दिले. एकूण एकोणसत्तर. दुसऱ्या क्रमांकाचे गृहस्थ एकदम सत्तेचाळीसवर घसरले. मी बेरीज दोनदा तपासली. बेरीज बरोबर होती, बाकी सगळं लबाडीचं होतं.

काका खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. मी उभ्याउभ्याच कागद पुढे केला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण आठवलं नाही.

त्यांनी चष्मा लावला. बोट फिरू लागलं, मग एका जागी थांबलं.

"ह्यो रकाना नवीन दिसतो."

"हो."

"आन इथला जुना कुठं गेला?"

"काढला."

"कोनी?"

"मी."

"कायदा हाय तो. एकाच बिल्डिंगचे दोगं. लोक बोलतील. मतं जातील तुमची."

"अंदाज केलाय," मी म्हटलं. "तीसेक जातील."

"तरी?"

"तरी."

ते कागदाकडे बघत राहिले. "म्हनजे आकड्यात मी येत नाय, म्हनून तुमी आकडेच बदललेत." प्रत्येक शब्द सावकाश आला, जणू भाडेकरूकडून नवीन धडा समजून घेत होते. "तुमी! फूटपट्टीवाले! माज्यासाठी?"

मी मान हलवली.

मग त्यांचं लक्ष शेवटच्या रकान्यावर गेलं. "आन भांडनाचे दोनच ठेवलात?"

"ते खरे आहेत," मी म्हटलं.

त्यावर ते इतक्या मोठ्याने हसले की काकू बाहेर आल्या. "अगं, इस्त्री हाय काय गरम?" त्यांनी विचारलं. "अर्ज भरायला जायचाय मना."

निवडणुकीचा निकाल थोडक्यात सांगतो, कारण तो थोडक्यातच लागला. समोरच्या जोडीला एकशे अठ्ठावन्न, आम्हाला एकशे एकोणतीस. एकोणतीस मतांनी पडलो. माझा अंदाज एका मताने चुकला. शहाण्णव फ्लॅटच्या सोसायटीतून आम्हाला नऊ मतं मिळाली. 'दोघंही एकाच बिल्डिंगचे, मग सगळं पाणी तिकडेच वळवतील,' अशी तिथे चर्चा होती. तिकडचे अभ्यासक म्हणतात म्हणे की उपाध्यक्षाच्या उमेदवारामुळे फारशी मतं हलत नाहीत. आमच्याकडे हलली.

आमच्या बिल्डिंगच्या चोवीस मतांपैकी आम्हाला बावीस मिळाली. एक फ्लॅट कुलूपबंद होता. उरलेल्या एका मताचा शोध मी घेतला नाही. मी मतदानाच्या व्यवस्थेत अडकल्यामुळे आमच्या घरचं मत बायकोने दिलं होतं.

मी तोंड लपवून घरी जायच्या विचारात होतो. काका म्हणाले, "कुठं चाललात? आभार मानायला जायचाय. एकशे एकोनतीस घरांनी मत दिलाय."

"कोणत्या घरांनी, ते कसं कळणार? गुप्त मतदान आहे."

"म्हनून तर सगल्यांकडं जायचा. चारशे बारा."

आणि आम्ही निघालो. दर शनिवारी आणि रविवारी, सकाळी दहा ते बारा. मी हातात यादी घेऊन, ते इस्त्रीच्या शर्टात. हरलेले दोघं दारात बघून लोक आधी घाबरत, वर्गणी मागायला आलेत असं वाटून. मग काका हात जोडत.

"ह्ये आमचे अध्यक्ष. मी ह्यांचा उपाध्यक्ष. मत दिलात, आभारी हाय. नसेल दिलात तरी आभारी हाय, चाय करा."

जिना उतरताना मी दुरुस्ती सांगायचो. "काका, आपण हरलोय. अध्यक्षपदाचा उमेदवार, उपाध्यक्षपदाचा उमेदवार. तेही माजी."

"आकडे तुमचे, साहेब. उपाध्यक्ष मी."

पुढच्या दारात पुन्हा तेच. मी पुन्हा दुरुस्ती. एका घरी त्यांनी मला बोलूच दिलं नाही. घरातल्या बाईंनी विचारलं होतं, "तुम्हाला गावातले म्हणून घेतलं असेल ना यांनी?" एरवी या प्रश्नाला ते 'हो' म्हणून मान खाली घालत. त्या दिवशी ते खुर्चीत सरसावून बसले.

"नाय वहिनी. गाववाला म्हनून नाय. ह्यांनी माज्यासाठी आकडे खोटे केले. ह्यांनी! विचारा त्यांना."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. तीस वर्षं गुणवत्ता विभागात काढलेला मी त्या परक्या घरात पोहे खात म्हणालो, "हो. केले."

असे किती चहा प्यायलो त्याची नोंद मी ठेवली नाही. त्या वर्षात नोंद न ठेवलेली तेवढी एकच गोष्ट. चौथ्या मजल्यापर्यंत जायचं असलं की काका दुसऱ्यावर थांबत आणि "तुमी दमलात वाटतं," असं मला म्हणत. मग मीही दमत असे.

सात सोसायट्या झाल्या. दोनशे अडुसष्ट दारं. मग काकांना ताप आला. सर्दी म्हणून दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, छातीत पाणी झालं होतं. पाचव्या दिवशी ते गेले.

काकूंना भेटायला गेलो. त्याच म्हणाल्या, "चार इमारती ऱ्हायल्यात ना तुमच्या? मना सांगत व्हते, चार ऱ्हायल्यात म्हनून."

चौदा दिवस झाल्यावर मी एकटाच निघालो. एकशे चव्वेचाळीस दारं बाकी होती. आभाराचं वाक्य मला नीट जमत नाही. घंटा वाजवायचो, नाव सांगायचो, 'मत दिल्याबद्दल धन्यवाद' म्हणायचो आणि लोक दार लावायच्या आत स्वतःच वळायचो. चहा कोणी विचारला नाही. विचारायला मी वेळच देत नव्हतो. एका सकाळी त्रेचाळीस दारं झाली. दोघं असताना बारा व्हायची.

शेवटच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर एका आजोबांनी दार उघडलं. त्यांचं बाहेर पडणं बंद होतं; आमची जोडी दारोदार फिरते एवढं त्यांनी ऐकलं होतं, पुढचं काही कळलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या मागे, जिन्याकडे वाकून बघितलं. कोणीतरी दुसऱ्या मजल्यावर थांबलं असेल आणि सावकाश येत असेल, असं.

"आज एकटेच?" त्यांनी विचारलं. "तुमचे उपाध्यक्ष नाही आले?"

दुरुस्ती जिभेवर होती: उपाध्यक्ष नव्हेत, उमेदवार.

"नाही," मी म्हटलं. "उपाध्यक्ष नाही आले."

आजोबांनी दार पूर्ण उघडलं आणि आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं.